सप्टेंबरात मनाली-लेह करताय? बर्फाचा अलर्ट आला तर काय कराल

सप्टेंबरात कसला बर्फ, असं म्हणू नका राव, 2018 च्या सप्टेंबरातच याच वाटेवरच्या लाहौल-स्पिती जिल्ह्यात एवढा पडला की शेकडो लोक अडकले होते. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट दिसला की बारालाचा ला हा पास, म्हणजे खिंड (साधारण 4,890 मीटर उंच), चढायचाच नाही, त्याच्या अलीकडे केलाँग किंवा जिस्पा गावातच थांबायचं, हॉटेलवाला "काही होत नाही" म्हणाला तरी. अटल टनेलमुळे रोहतांग पास टळतो, पण पुढचे पास टळत नाहीत ना!

केलाँगच्या आधी तांडी लागतं, तिथे टाकी फुल करा. डिझेल गाडी असेल तर जास्तच काळजी, थंडीत डिझेल घट्ट होतं आणि सकाळी गाडी ढिम्म हलत नाही.

आणि अडकलातच तर गाडी सोडून चालत निघू नका, आणि हे नीट वाचा, हीटर लावून झोपायचं नाही, सायलेन्सर बर्फात बुजला की कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वासही नसतो, झोपेतच माणूस जातो. इंजिन थोडाच वेळ चालवा, आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा, काच बोटभर उघडी ठेवा. भडंग-चिवडा, पाणी, सुके मोजे डिकीत नको, सीटजवळ ठेवा.