नवे नोझल टाकल्यावर गाडी बिघडली? पंप फिरवण्याआधी या चुका टाळा

गोव्यातल्या उसगाव, सावर्डे, कुडचडे या खाणींच्या पट्ट्यात जुने डिझेल टिपर अजून पुष्कळ आहेत. त्यांचे नोझल (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारं इंजेक्टरचं टोक) बदलले आणि गाडीने धूर सोडला, की कोणीतरी लगेच डिझेल पंपाचे नट सैल करून पंप फिरवतो. मूळ दोष तसाच राहतो, वर टायमिंगही, म्हणजे फवारा पडायची नेमकी वेळही, जातं.

आधी हवा काढा. लाइन उघडली की हवा शिरते, मग इंजिन मिस मारतं, पांढरा धूर येतो, ठोकाही येतो. अगदी टायमिंग चुकल्यासारखं. हँडपंप मारून फिल्टरची हवा काढा, मग नोझलकडचे नट थोडे सैल ठेवून सेल्फ मारा. बुडबुडे थांबले की आवळा. धारेपुढे हात मात्र कधीच धरू नका. डिझेल कातडी फोडून आत शिरतं. जखम टाचणीएवढी दिसली तरी त्याच घटकेला हॉस्पिटल गाठा.

दुसरी चूक मी स्वतः पाहिली आहे. अनमोड घाटात एक टिपर ओढेना, मागे काळा धूर. एका गॅरेजात दोनदा टायमिंग बदलून झालं होतं. चार नंबरचा इंजेक्टर काढून भोकात टॉर्च मारली, तर तळाला काजळीने काळा पडलेला जुना तांब्याचा वॉशर चिकटलेला आणि त्याच्यावर नवा! नोझल तेवढाच वर राहिला होता, त्यामुळे फवारा पिस्टनच्या खड्ड्यात नीट पडत नव्हता. तारेच्या आकड्याने जुना वॉशर ओढून काढला. धूर गेला, पण फिरवलेला पंप जागेवर आणायला अर्धा दिवस गेला, कारण कोणी खूणच केली नव्हती.

जुन्या नोझलची स्प्रिंग दमलेली असते, तो लवकर उघडतो. नवा बरोबर प्रेशरला, म्हणजे किंचित उशिरा उघडतो. त्यामुळे आवाज थोडा मऊ झाला तर घाबरू नका, तो दोष नव्हे.

टायमिंग लावायचंच असेल, तर आधी पंपाच्या फ्लँजवर आणि केसिंगवर सरळ रेघ मारा. सहा सिलिंडरच्या इंजिनात एक आणि सहा नंबरचे पिस्टन एकदमच वर येतात, म्हणून नुसत्या फ्लायव्हीलच्या खुणेवर जाऊ नका. एक नंबरचे दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) सैल लागले पाहिजेत, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत. इंजिन चालतं त्याच दिशेने फिरवा. खूण पुढे गेली तर बरंच मागे नेऊन पुन्हा पुढे आणा, नाहीतर गिअरमधली ढिलाई फसवते. पंप निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून पंपावरची 1 डिग्री म्हणजे क्रँकच्या 2 डिग्री. आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधलाच घ्या, कानाने लावू नका. टायमिंग जास्त पुढे गेलं तर ठोका वाढतो आणि हेड गॅस्केट जातं. मागे राहिलं तर सायलेन्सर तापतो, अ‍ॅव्हरेज पडतं.

कॉमन रेलच्या गाडीला, म्हणजे एकाच सामाईक पाइपातून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या नव्या पद्धतीच्या गाडीला, पंप फिरवून टायमिंग लावणं किंवा नोझलचे नट सैल करून हवा काढणं लागू नाही. तिथे टायमिंग इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट ठरवतं आणि बहुतेक गाड्यांत नव्या इंजेक्टरवरचा कोड स्कॅनरने भरावा लागतो. प्रेशर हजार बारच्या वर जाऊ शकतं, चालू इंजिनाचा नट सैल करणं जिवावर बेतेल.

2012 मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या तेव्हा दारात उभ्या राहिलेल्या कितीतरी ट्रकांच्या टाकीत पाणी साचलं, नोझल गंजले. आपल्या दमट हवेत गाडी महिनाभर जरी उभी असली, तरी नवे नोझल बसवण्याआधी टाकीचा ड्रेन उघडा, तळचं पाणी जाऊ द्या, आणि दोन्ही फिल्टर नवे घाला.