‘दीप ज्वेले जाई’ बघण्याआधी काय ऐकावं

बंगाली येत नाही म्हणून ‘दीप ज्वेले जाई’ हा बंगाली चित्रपट बघायचा राहिला असेल, तर सुरुवात चित्रपटापासून करूच नका, गाण्यापासून करा. मी पेटी शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या मुलींनाही मी हाच रस्ता सांगते.

रात्रीची कामं आवरली की हेडफोन लावून तीन गाणी एका बैठकीत ऐका. तिन्ही हेमंतकुमारांची, बंगालचे हेमंत मुखोपाध्याय ते हेच. पहिलं याच चित्रपटातलं ‘एइ रात तोमार आमार’ (१९५९), दुसरं ‘कोहरा’ या हिंदी चित्रपटातलं ‘ये नयन डरे डरे’ (१९६४) आणि तिसरं ‘दीप ज्वेले जाई’चाच हिंदी अवतार असलेल्या ‘खामोशी’मधलं ‘तुम पुकार लो’ (१९६९).

पहिल्या दोन गाण्यांची चाल एकच आहे, हे पहिल्या ओळीलाच कळेल. ध्रुवपदाची घडण बघा: सारख्या लांबीचे दोन तुकडे आणि मग तिसरा आखूड. सगळी जादू त्या आखूड तुकड्यात आहे. तिथे ना मुरकी, ना हरकत. सूर सरळ ठेवायचा आणि सोडून द्यायचा. ‘मी डोलकर डोलकर’मध्ये दर्यावर मोकळा सुटलेला आवाज याच गळ्यातला, यावर विश्वास बसत नाही. शब्दांनी मात्र भाव पार बदलतो. बंगाली गीतकार गौरीप्रसन्न मजुमदारांच्या गाण्यातला प्रियकर निश्चिंत आहे, रात्र आणि चंद्र दोघांचेच आहेत असं तो गृहीत धरतो. कैफी आझमींच्या गाण्यात उद्याचा भरवसाच नाही. चाल तीच, पण एकात सुख आहे आणि दुसऱ्यात धास्ती. हा फरक कानाला लागेपर्यंत पुन्हा पुन्हा ऐका, घाई करू नका.

गाऊन बघायचं असेल तर शब्द देवनागरीत लिहून घ्या. बंगाली ‘स’ बहुतेक ठिकाणी ‘श’ होतो आणि ‘अ’ ओठ गोल करून ‘ऑ’कडे झुकतो. पेटीचा भाता संथ ठेवा, खालच्या पट्टीत गा.

आता चित्रपट. सबटायटल्स असलेली प्रत शोधा, पण गाणं लागलं की वाचणं बंद. मनोरुग्णालयातली नर्स राधा रुग्णाला बरं करण्यासाठी प्रेमाचं नाटक करते, एवढी गोष्ट माहीत असली की पुरे. शेवट आधी कुणाकडूनही ऐकू नका. दिग्दर्शक असित सेन, राधा म्हणजे सुचित्रा सेन. समोरचा बोलत असताना तिच्याकडे बघा. अर्धवट उजेडातला तो चेहरा आधी नर्सचा असतो आणि मग हळूहळू नर्सचा उरत नाही. नाटक नेमकं कुठे संपलं, ते तिने आपल्याला कळू दिलेलं नाही. माझ्या मते सुचित्रा सेनचं याहून मोठं काम शोधावं लागेल.

मन्ना डे यांचं ‘एमन बंधु आर के आछे’ हलकंफुलकं म्हणून पुढे ढकलू नका. ‘खामोशी’त त्याच्या जागी ‘दोस्त कहाँ कोई तुमसा’ आहे आणि तेही मन्नादांनीच गायलंय. लताबाईंचं ‘आर जेनो नेइ कोनो भाबना’ही आहे, त्यासाठी वेळ राखून ठेवा.

‘खामोशी’ लगेच दुसऱ्या दिवशी लावू नका, आठवडाभर जाऊ द्या. दिग्दर्शक तेच, संगीतकार आणि निर्माते हेमंतकुमार, आणि राधा झालीय वहीदा रेहमान, जी ‘कोहरा’तही होती. मूळ चाल ‘कोहरा’त येऊन गेली होती, त्यामुळे इथे गुलजारांच्या शब्दांवर वेगळी चाल आली. ती जुन्या चालीपेक्षा सरस की कमी, यावर आमच्याकडे अजून वाद होतात. मी ‘एइ रात’च्या बाजूने आहे, कारण त्यात विनवणी नाही.

एवढं झालं आणि ओढ लागली, तर पुढे ‘हारानो सुर’ (१९५७) घ्या. संगीत पुन्हा हेमंतदांचं. त्यातलं गीता दत्तचं ‘तुमि जे आमार’ मात्र आधी ऐकू नका, ते चित्रपटातच पहिल्यांदा कानावर पडू द्या.