काजूचा शून्य कुठे गेला? व्यापाराचा डेटा शेअर करताना या चुका टाळा

फोंड्याचे आम्ही दोघं, पणजीची एक आणि पुण्याचा एक, असे चौघं काजूच्या आयात शुल्कावर काम करत होतो. सगळ्यांच्या फाइली एका फोल्डरमध्ये, सगळं झकास, आणि जोडायला गेलो तर काजूच गायब! अर्धा दिवस डोकं खाजवल्यावर दिसलं की एक्सेलने काजूच्या 080131 या कस्टम्सच्या कोडचं 80131 करून टाकलंय. शेवटी 31 म्हणजे टरफलासकट काजूबी, 32 म्हणजे सोललेला गर, दोन्हींचा सुरुवातीचा शून्य गिळलेला. कोडचा कॉलम फाइल आत घेतानाच टेक्स्ट करा, नंतर केलात तर गेलेला शून्य काही परत येत नाही. आणि भारताचे कोड 8 आकडी असतात, जगभर सारखे फक्त पहिले 6, त्यामुळे जुळवायच्या आधी शेवटचे दोन कापा.

दुसरी गडबड वर्षाची. आपल्या वाणिज्य मंत्रालयाचं वर्ष एप्रिल ते मार्च, यूएन कॉमट्रेडचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-आकड्यांच्या साठ्याचं, जानेवारी ते डिसेंबर. आम्ही दोन्ही शेजारी ठेवून "आयात घसरली" असं लिहूनसुद्धा टाकलं होतं. महिन्यांचे आकडे घेऊन बेरीज करा, दुसरा इलाज नाही.

आयव्हरी कोस्ट म्हणतो एवढी काजूबी विकली, भारत म्हणतो त्याहून जास्त रकमेची घेतली, लगेच घोटाळा घोटाळा म्हणून ओरडू नका. विकणारा सहसा एफओबी किंमत लिहितो, म्हणजे माल बोटीवर चढेपर्यंतची, घेणारा सीआयएफ, म्हणजे बोटीचं भाडं आणि विमा धरून. शिवाय डिसेंबरात निघालेली बोट इथे जानेवारीत लागते.

आता जीटॅप, म्हणजे व्यापार धोरणाचे परिणाम मोजायला वापरतात तो जगभरच्या अर्थव्यवस्थांचा डेटाबेस. पर्ड्यू युनिव्हर्सिटीतून 1992 पासून चालतं, देशोदेशीचे रिसर्चर आपापल्या देशाची टेबलं देतात म्हणून तो डेटाबेस उभा आहे. पण त्यात भारत एकच, गोवा वेगळा नाही, आणि काजूबी भाजी-फळांच्या एकाच टोपलीत, कांदा-आंब्याबरोबर! त्यातून गोव्याच्या बागायतदाराचा नफा-तोटा काढणारे पेपर मला तरी पटत नाहीत. बेस इयर, म्हणजे हिशोब ज्या वर्षाच्या आकड्यांपासून सुरू होतो ते वर्षही बघून घ्या. 11 व्या व्हर्जनमध्ये 2004, 2007, 2011, 2014, 2017 अशी पाच आहेत, आणि आपल्या गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी 2012 ला बंद पडल्या, म्हणजे लोहखनिजाचं काम 2014 वर केलंत तर सुरुवातच आटलेल्या निर्यातीपासून होते.

कॉमट्रेडचे आकडे मागाहून बदलतात, म्हणून फाइलच्या नावात डाउनलोडची तारीख टाका. आमच्या फोल्डरमध्ये अजून एक "काजू फायनल नवा 2" पडलाय, कोणाचा ते कोणीच कबूल करत नाही.