आभा शिबिराआधी नंबर तपासा, मग सतरंज्या अंथरा

मागच्या शिबिरात सकाळी नऊपासून चाळीस म्हातारी माणसं देवळात बसली होती आणि दुपारपर्यंत आभा कार्डं (आपले आरोग्याचे रिपोर्ट जोडायच्या नंबराची) निघाली सात. म्हणून आशाताईंचं काम बघणाऱ्या गटप्रवर्तक मैत्रिणींसाठी हे लिहितेय.

पाणी, चहा, सतरंज्या तुम्हाला सांगायला नकोत. चार्जर आणि एक्स्टेंशन बोर्ड घ्या. रेंज आदल्या दिवशी जाऊन बघा. आमच्या देवळात एक कांडी होती आणि बाहेर पारावर चार.

आता मुख्य गोष्ट. आधारला कोणता मोबाइल नंबर जोडलाय, हे आशाताईंनी आठवडाभर आधी घरोघरी विचारून वहीत लिहायचं. ओटीपी त्याच नंबरवर जातो, आजीच्या हातातल्या फोनवर नाही. आमच्याकडे तो गेला पुण्यात कंपनीत शिफ्टला असलेल्या मुलाकडे, आणि त्याचा फोन लॉकरमध्ये. एका आजोबांचं सिम रिचार्जअभावी केव्हाच बंद पडलेलं. त्या नंबरला फोन लावला तर भलतीच बाई, "कोण पाहिजे?" नुसतं "नंबर आहे ना?" विचारू नका, सगळे "आहे की" म्हणतात. तिथेच मिस्ड कॉल द्या आणि फोन वाजलेला स्वतःच्या कानांनी ऐका. ज्यांचा नंबर बंद, त्यांना आधी आधार केंद्रावर पाठवा, शिबिरात बोलावून ताटकळत ठेवू नका. मुलगा बाहेरगावी असेल तर वेळ ठरवून त्याला सांगून ठेवा. परत सांगते, नंबर आधी.

आशाताईंना आधी स्वतःचं आभा काढायला लावा. स्वतः कधी काढलं नसेल तर शिबिरात बोट थरथरतं. ओटीपी शक्यतो आजोबांनाच टाइप करू द्या, वेळ लागला तरी. "ओटीपी कुणाला सांगू नका" असं आपणच शिकवायचं आणि आपणच हात पुढे करायचा, हे बरं दिसत नाही.

आभा म्हणजे पाच लाखांचं कार्ड नव्हे, हे पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाका. आभा हा चौदा अंकी नंबर, आपले रिपोर्ट जोडायला. पाच लाखांपर्यंतच्या उपचाराचं ते आयुष्मान कार्ड. सत्तरी ओलांडलेल्यांना ते 2024 पासून उत्पन्न न बघता मिळतं, पण वय आधारवरचंच धरतात. त्यावरून वाद होतो, तयारी ठेवा.

प्रिंट, लॅमिनेशन, सह्यांचा कागद, ग्रुपवर फोटो, अहवाल: नेहमीसारखंच.

आणि ती नंबरांची वही शिबिराच्या दिवशी घरी विसरू नका. एका ताईंनी तेही केलंय.