टिनावरचं सोलर उडालं, मग मी काय केलं

यवतमाळकडच्या खेड्यात आमचं घर. सागाच्या बल्ल्यांवर टिनं. सोलर बसवणाऱ्यानं स्टँडचे पाय नुसते टिनालाच आवळले होते. मे महिन्यातल्या वावधानात एक पॅनल चक्क उचललं, अन् पावसाळ्यात गळती वेगळीच.

मग स्टँडचे पाय टिनातून थेट खालच्या बल्लीत स्क्रूनं आवळायला मीच शिडी लावली. जुन्या खिळ्यांची रांग म्हणजे खाली बल्ली; तिथं सूत धरून खुणा केल्या. बल्ली गोल, म्हणून स्क्रू बरोबर मध्यावरच हवा. आधी स्क्रूपेक्षा बारीक छिद्र पाडायचं, नाहीतर वाळलेला साग उभा चिरतो (एक बल्ली अशीच घालवली!). स्क्रू टिनाच्या उंचवट्यावर, रबरी वायसर घालून. पन्हाळीत मारला की पाणी आलंच. टोकाची बल्ली वाळवीनं पोकळ निघाली, तिच्या बाजूला नवी ठोकली. जुनी भोकं सध्या डांबरानं बुजवलीत. तेवढी दोन टिनं दिवाळीनंतर बदलीन.