पावसाळ्यात अंगणाचे काँक्रीट

कोकणात जून ते सप्टेंबर या काळात अंगणाचे काँक्रीट शक्यतो टाळावे. मात्र काम अडलेच असेल, तर पावसाची उघडीप पाहून आणि बांबूच्या आधारावर ताडपत्रीचे छत आधी उभारूनच ते सुरू करावे. मुरमाचा थर चोपून घ्यावा, त्यावर साचलेले पाणी चर काढून वाहून जाऊ द्यावे आणि चिखल खरवडून टाकावा.

सर्वाधिक काळजी पाण्याच्या प्रमाणाची घ्यावी लागते. सिमेंटच्या ५० किलोच्या एका गोणीला साधारण २५ लिटर पाणी धरले, तर ओल्या वाळूत मुरलेले पाणीही त्यातच मोजावे, कारण वरून नेहमीइतके पाणी ओतल्यास माल पातळ होऊन मजबुती घटते. शिवाय दमट वाळू फुगते आणि घमेल्याने मोजताना प्रत्यक्षात कमी भरते. म्हणून वाळू आधीपासून झाकून ठेवावी.

सिमेंट जमिनीपासून उंच फळ्यांवर रचावे. माल थोडा थोडा कालवून लगेच पसरावा आणि पाणी निघून जाईल असा उतार ठेवावा. मध्येच सर आली, तर ताडपत्री पृष्ठभागाला चिकटू न देता झाकावे. वर आलेल्या पाण्यावर कोरडे सिमेंट भुरभुरण्याची पद्धत मला अत्यंत घातक वाटते, कारण तो थर पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. पाणी हलकेच काढून मगच थापी फिरवावी.

पाऊस आहे म्हणून क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओले ठेवणे, सोडू नये: साध्या सिमेंटला किमान ७ आणि पीपीसीला (सहसा कोळशाची राख मिसळलेल्या सिमेंटला) १० दिवस ओलावा हवा, त्यामुळे उघडीप पडताच ओली गोणपाटे अंथरावीत.