बामणोलीला मुक्काम? डिशचं तोंड आग्नेयेला करा

सातारा जिल्ह्यातल्या बामणोलीला, कोयनेच्या बॅकवॉटरला छोटा कॅम्पर ट्रेलर (गाडीमागे ओढून न्यायची राहायची खोली) लावला की टीव्हीसाठी डीडी फ्री डिशची छत्री सगळ्यात सोयीची, दरमहा पैसे भरायचे नाहीत. तिचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. साताऱ्याहून तो आग्नेयेला, उत्तरेपासून सुमारे १३१ अंशांवर आणि क्षितिजापासून जवळजवळ ६० अंश वर येतो. इतक्या उंचीमुळे समोरच्या डोंगराची सहसा अडचण होत नाही. अडवतं ते डोक्यावरचं झाड! म्हणून ट्रेलर खुशाल सावलीत लावा, पण छत्री दहा मीटर केबल ओढून उघड्यावर ठेवा.

छत्री ट्रेलरच्या टपावर नको. आत कुणी चाललं तरी टप हलतो आणि चित्र जातं. जमिनीवर स्टँड ठेवून पायांवर दगड रचा. मोबाइलचं होकायंत्र ट्रेलरपासून लांब जाऊन बघा, पत्र्याजवळ ते चुकतं. आपल्या नेहमीच्या छत्र्या ऑफसेट असतात, म्हणजे सिग्नल पकडणारा भाग मधोमध नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे बरोबर लागलेली छत्रीही उपग्रहाच्या खाली बघतेय असं वाटतं. घाबरून ती वर उचलू नका. बोटभर फिरवा, चार-पाच सेकंद थांबा, मग पुढे. घाई केलीत तर सेट-टॉप बॉक्सला सिग्नल पकडायला वेळच मिळत नाही.